श्वासाचा वाफसा

उमरग्याच्या काळ्या रानात मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून गेला, तरी जाणता शेतकरी लगेच तिफण जुंपत नाही. तो एक-दोन दिवस थांबतो. मग सकाळी रानात जाऊन मूठभर माती उचलतो, मुठीत दाबतो आणि झालेला गोळा खाली टाकतो. गोळा तसाच थलथलीत बसला, तर अजून थांबायचं. पडल्याबरोबर भुगा होऊन फुटला, तर वाफसा आला. वाफसा म्हणजे मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत पाणीही आहे आणि हवाही आहे अशी वेळ. नुसतं पाणी असेल तर तो चिखल, नुसती हवा असेल तर ती धूळ. बी रुजतं ते या दोन्हींच्या मधे.

प्राणी श्वास कसा घेतात हे समजून घेताना हा शब्द हाताशी ठेवावा, फार उपयोगी पडतो. गांडुळाची कातडी, माशाचे कल्ले, नाकतोड्याच्या पोटातल्या नळ्या, शेळीचं फुप्फुस हे सगळे अवयव दिसायला वेगवेगळे आहेत. पण प्रत्येक ठिकाणी शरीराची धडपड एकच आहे: जिथून ऑक्सिजन आत यायचा, तिथला वाफसा मोडू द्यायचा नाही.

ओला पडदा

आधी मुळाचा हिशेब पाहू. शरीरातली प्रत्येक पेशी अन्नातून ऊर्जा काढते. त्यासाठी तिला ऑक्सिजन लागतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एक आत आणायचा, दुसरा बाहेर टाकायचा, यालाच वायुविनिमय म्हणतात. यातली शेवटची पायरी कोणताही प्राणी जोर लावून पार पाडत नाही. वायू जिथे जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिकडे आपोआप सरकतो. याला विसरण म्हणतात.

पण पेशी आतून-बाहेरून ओली असते. तिच्यात शिरायचं तर ऑक्सिजनला आधी पाण्यात विरघळावं लागतं. म्हणून जगातला प्रत्येक श्वसनाचा अवयव ओला असतो. आणि पाण्यातून ऑक्सिजनचं विसरण हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद होतं, म्हणून हा ओला पडदा अतिशय पातळ असावा लागतो. शिवाय तो पसरट हवा, म्हणजे एकाच वेळी पुष्कळ वायू पार होईल. बाहेरच्या बाजूने ताजी हवा किंवा ताजं पाणी येत राहिलं पाहिजे, आणि आतल्या बाजूने ऑक्सिजन उचलून नेणारं कुणीतरी हवं. ओला, पातळ, पसरट आणि दोन्ही अंगांनी वाहता, एवढ्या अटी पाळल्या की झालं.

जीव अगदी लहान असेल तर वेगळा अवयवही लागत नाही. डेन्मार्कचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांना रक्ताच्या केशवाहिन्यांवरच्या कामासाठी १९२० साली नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांनी हिशेब मांडून दाखवलं की, नुसत्या विसरणावर जगायचं तर जीवाची जाडी साधारण एक मिलिमीटरच्या आतच राहिली पाहिजे. त्याहून मोठं व्हायचं असेल तर काहीतरी युक्ती करावी लागते.

आणि इथेच आपल्या भागातली खरी अडचण येते. ओली वस्तू हवेत वाळते. उमरग्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दोरीवरचं धोतर बघता बघता कडक होतं. आरशावर तोंडाने श्वास सोडून पाहा, काच धुरकट होते. ते तुमच्या फुप्फुसातलं पाणी. म्हणजे श्वास घ्यायचा तर ओल ठेवावी लागते, आणि प्रत्येक श्वासागणिक थोडी ओल खर्च होते. मग हा ओला पडदा ठेवायचा कुठे? अंगावर, खिशात की पार आत? आपल्या शिवारातले प्राणी या प्रश्नाची किती उत्तरं देतात ते एकेक करून पाहू.

अंगावर ओल: गांडूळ आणि बेडूक

गांडुळाने हा पडदा अंगावरच पांघरला आहे. त्याला फुप्फुस नाही, कल्ले नाहीत, नाक नाही. सगळी कातडीच त्याचं श्वसनेंद्रिय. ती चिकट द्रवाने सतत ओली असते. तिच्या लगेच खाली बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं आणि रक्त आपल्यासारखंच तांबडं असतं, कारण त्यातही हिमोग्लोबिनच्या जातीचं द्रव्य असतं. फरक इतकाच की ते पेशींत भरलेलं नसतं, रक्ताच्या पाण्यातच मिसळलेलं असतं.

ही व्यवस्था साधी आहे, पण उन्हापुढे दुबळी आहे. गांडूळ उन्हात सापडलं की कातडी वाळते, आणि कातडी वाळली की श्वास बंद. त्याचा जीव जातो तो गुदमरून. पावसात गांडुळं वर आली की आपण म्हणतो, बिळात पाणी शिरलं म्हणून जीव वाचवायला आली. हे सर्वस्वी खरं नाही. पाण्यात ऑक्सिजन विरघळलेला असेल तर गांडुळांच्या अनेक जाती त्यात तासन् तास तग धरतात. ओल्या रात्री जमिनीवरून लांब जाता येतं, कोरड्या दिवशी येत नाही, हेही वर येण्याचं कारण असू शकतं. उन्हाळ्यात मात्र त्यांच्या अनेक जाती खोल जातात, आपल्याच चिकट द्रवाने लिंपलेल्या खोलीत वेटोळं करून पडून राहतात आणि पावसाची वाट पाहतात.

बेडकाने एक पाऊल पुढे टाकलं. त्याला फुप्फुसं आहेत, पण आपल्यासारखी छाती फुगवायची सोय नाही. बरगड्यांचा पिंजरा नाही, श्वासपटल नाही. पहिल्या पावसात डबक्याकाठी बसलेला पिवळाधमक बेडूक जवळून पाहा. त्याच्या गळ्याखालची कातडी सारखी खाली-वर होत असते. नाकपुड्या उघडून तो तोंडात हवा घेतो, मग नाकपुड्या मिटून गळा वर उचलतो आणि तोंडातली हवा फुप्फुसात ढकलतो. आपण हवा ओढून घेतो, बेडूक ती गिळतो म्हणा ना. शिवाय त्याची ओली कातडीही काम करतच असते. कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा कातडीवाटेच बाहेर जातो. त्याचीच पिल्लं डबक्यात शेपटी हलवत कल्ल्यांनी श्वास घेतात. एका आयुष्यात कल्ले, कातडी आणि फुप्फुस असे तीन उपाय वापरणारा हा प्राणी. आणि पाऊस सरला की मातीत गाडून घेणाऱ्या बेडकांचं काम मंदावतं, तेव्हा कातडीवाटे मिळणारा थोडा ऑक्सिजनही त्यांना पुरतो.

खिशातली ओल: गोगलगाय आणि विंचू

२०२२च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातल्या सोयाबीनवर शंखी गोगलगायी तुटून पडल्या. कोवळी रोपं रातोरात फस्त झाली, अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. त्या वेळी शेतकऱ्यांनी जो उपाय केला त्यातच गोगलगायीच्या श्वासाची गोष्ट आहे. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधाबांधाने टाकायची आणि सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचायच्या. गोडाची ओढ तर होतीच, पण त्याहून मोठी ओढ ओलीची होती.

वेचलेली गोगलगाय चालू लागली की शंखाच्या कडेला, तिच्या उजव्या अंगाला, निरखून पाहा. एक गोल भोक हळूच उघडतं आणि थोड्या वेळाने मिटतं. तेच तिच्या श्वासाचं दार. आत शंखाखाली एक पोकळी आहे, तिच्या छताला रक्तवाहिन्यांची जाळी आहे. गांडुळाने अंगावर पांघरलेला ओला पडदा गोगलगायीने खिशात घातला आणि खिशाला बटण लावलं. उन्हाळा आला की ती शंखात शिरते, तोंडावर चिकट द्रवाचा पापुद्रा धरते, तो वाळून झाकण होतं आणि महिनेच्या महिने ती तशीच मातीत पडून राहते. म्हणून तर एका पावसाने हजारो गोगलगायी अचानक उगवल्यासारख्या वाटतात. त्या आल्या नसतात, तिथेच असतात.

दगडाखालच्या विंचवाने हाच खिसा अधिक नीट शिवला आहे. त्याच्या पोटाच्या खालच्या बाजूला बारीक चिरा असतात, चार जोड्या. प्रत्येक चिरेच्या आत पातळ पापुद्रे वहीच्या पानांसारखे एकावर एक रचलेले असतात. पानांमधल्या फटीत हवा, पानांच्या आत रक्त. म्हणूनच त्यांना पुस्तक-फुप्फुसं म्हणतात. एवढ्याशा जागेत मोठा पृष्ठभाग आणि बाहेर उघडणारी नुसती चीर, त्यामुळे पाणी फार कमी उडतं. विंचू आणि गोगलगाय या दोघांचं रक्त आपल्यासारखं तांबडं नाही. ऑक्सिजन धरायला त्यांच्याकडे लोखंडाऐवजी तांबं असलेलं द्रव्य आहे, आणि ते ऑक्सिजनने भरलं की निळसर दिसतं.

रक्ताला वगळून: नाकतोडा आणि डासाची अळी

कीटकांनी तर वेगळीच वाट काढली. बांधावरचा मोठा नाकतोडा हळूच धरा आणि त्याचं पोट पाहा. ते भात्यासारखं लयीत आत-बाहेर होतं. त्याच्या छाती-पोटाच्या दोन्ही कडांना बारीक छिद्रं असतात, दहा जोड्या. ही श्वासरंध्रं. रेशमाच्या अळीवर ती आणखी सहज दिसतात: पांढऱ्या अंगाच्या कडेने ओळीत बसलेले काळे ठिपके, नऊ जोड्या.

प्रत्येक छिद्रातून एक नळी आत जाते, तिला फाटे फुटतात, फाट्यांना फाटे फुटतात आणि शेवटच्या केसाहून बारीक नळ्या थेट पेशींपर्यंत पोचतात. ऑक्सिजन वाहायला रक्ताची गरजच राहत नाही. नळाचं पाणी टाकीत न साठवता प्रत्येक खोलीत नेऊन सोडावं, तसं. आणि इथेही शेवटच्या टोकाला वाफसा आहेच. नळीच्या टोकात थोडं पाणी असतं. किडा उडू लागला, स्नायूंना जास्त ऑक्सिजन हवा झाला, की ते पाणी आत शोषलं जातं आणि हवा पेशीच्या आणखी जवळ पोचते. काम नसेल तेव्हा छिद्रांची झाकणं मिटून ओल वाचवली जाते. कडक उन्हातही शिवारात किड्यांची वर्दळ का असते, त्याचं हे एक कारण.

अंगणातल्या रांजणात किंवा हौदात डासाच्या अळ्या डोकं खाली, शेपूट वर अशा लटकलेल्या दिसतात. त्या पाण्यात राहतात, पण श्वास हवेतला घेतात. शेपटाजवळची नळी त्या पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवतात. म्हणूनच साठलेल्या सांडपाण्यावर तेलाचा पातळ थर पसरला की त्या मरतात. पाण्यात विष घालावं लागत नाही, नुसतं नळीचं तोंड बंद होतं.

पाण्यातला श्वास

आता उलटी बाजू. माशाला ओलीची चिंता नाही, त्याला ऑक्सिजनची चिंता आहे. एक लिटर हवेत ऑक्सिजन साधारण पावणेतीनशे मिलिग्रॅम असतो. २५ अंशांच्या एक लिटर पाण्यात तो जेमतेम आठ मिलिग्रॅम विरघळतो, आणि पाणी तापेल तसा आणखी कमी. वर पाणी हवेहून सुमारे आठशे पट जड. असं जड पाणी आत घ्यायचं, पुन्हा बाहेर टाकायचं, हे माशाला परवडणारं नाही.

म्हणून मासा पाणी एकाच दिशेने वाहवतो: तोंडातून आत, कल्ल्यांवरून, आणि झाकणाखालून बाहेर. कल्ल्याच्या तांबड्या झालरीत रक्त मात्र पाण्याच्या उलट दिशेने वाहतं. या उलट्या प्रवाहातच सगळी किमया आहे. दोघंही एकाच दिशेने गेले असते तर अर्ध्यावर बरोबरी होऊन देवाणघेवाण थांबली असती. उलट दिशेने जाताना रक्ताला प्रत्येक टप्प्यावर आपल्याहून जास्त ऑक्सिजनचं पाणी भेटत राहतं. त्यामुळे मासा पाण्यातला ८० टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन काढून घेऊ शकतो. आपण एका श्वासातल्या ऑक्सिजनचा जेमतेम पाव भाग घेतो.

शेततळ्यात कटला, रोहू, मृगळ पाळणाऱ्यांना पहाटेची वेळ ठाऊक असते. दिवसा पाण्यातलं शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्रभर मात्र तेही ऑक्सिजन वापरतं. त्यामुळे उजाडण्याच्या आधी पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. ढगाळ दिवसानंतरच्या पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडताना दिसले, तर पाणी ढवळायला, उपसून वरून सोडायला लागतं. पडणारं पाणी हवा गोळा करत खाली येतं. उमरग्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की नळदुर्ग येतं. तिथे इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातल्या बंधाऱ्यावरून नर-मादी धबधबे कोसळतात. खालच्या डोहातल्या माशांसाठी तो पांढरा फेस म्हणजे ऑक्सिजनची भरती.

मग पाण्याबाहेर एवढा ऑक्सिजन असताना मासा तडफडून का मरतो? कारण पाण्याचा आधार सुटला की कल्ल्यांच्या झालरी ओल्या केसांसारख्या एकमेकींना चिकटतात. पसरटपणा गेला, पाठोपाठ ओल गेली, वाफसा मोडला. मरळ मासा मात्र डोक्यातल्या एका पोकळीत हवा धरतो आणि अधूनमधून वर येऊन घोट घेतो. म्हणून आटत्या तळ्याच्या चिखलातही तो टिकतो.

आत, खूप आत: कोंबडी, हंस आणि शेळी

पक्ष्यांनी आणि सस्तन प्राण्यांनी ओला पडदा शरीराच्या पार आत नेला. कोंबडीचं फुप्फुस फुग्यासारखं फुगत नाही, ते कडक आणि लहान असतं. भात्याचं काम अंगभर पसरलेल्या हवेच्या पिशव्या करतात. बहुतेक पक्ष्यांत त्या नऊच्या आसपास असतात आणि काही हाडांच्या पोकळीतही शिरलेल्या असतात. आत घेतलेली हवा बरीचशी आधी मागच्या पिशव्यांत जाते, मग फुप्फुसातून पुढच्या पिशव्यांत आणि मग बाहेर. हवेच्या एका घोटाला दोन श्वास लागतात, पण फुप्फुसातून हवा सदैव एकाच दिशेने, ताजीच वाहते.

उजनीच्या जलाशयावर हिवाळ्यात येणारा पट्टकादंब हंस, ज्याच्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात, तो हिमालय ओलांडून येतो. अंगावर उपग्रहाची यंत्रं बसवून घेतलेल्या नोंदींत हे हंस सात हजार मीटरच्या वर उडताना आढळले आहेत. तिथली हवा इतकी विरळ की आपल्याला चार पावलं चालणं कठीण. त्याला साथ देतं हे एकदिशा फुप्फुस आणि ऑक्सिजन घट्ट धरणारं हिमोग्लोबिन.

कोंबडीला घाम येत नाही. मेमध्ये ती चोच उघडून धापा टाकते आणि श्वासावाटे पाणी उडवून अंग थंड करते. पण धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइडही जास्तच निघून जातो. अंड्याचं कवच कॅल्शियम कार्बोनेटचं, आणि त्यातला कार्बोनेट याच वायूपासून बनतो. म्हणून उन्हाळ्यातल्या अंड्यांचं कवच पातळ होतं. श्वासाचा हिशेब असा अंड्यावर उमटतो.

जिल्ह्याचं नाव बदललं तरी इथली काळी शेळी अजून उस्मानाबादीच म्हणवते. सावलीत रवंथ करत बसलेल्या शेळीची कूस मिनिटभर मोजा. पंधरा ते तीस वेळा ती वर-खाली होते. छातीखालचं श्वासपटल खाली सरकतं, बरगड्या फाकतात, छातीतली जागा वाढते आणि हवा आपणहून आत शिरते. पुढे नळीला फाटे फुटत फुटत शेवटी बारीक वायुकोश येतात. माणसात ते ३० ते ५० कोटी असतात आणि उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे सातशेहून अधिक चौरस फूट भरतात. त्यांची भिंत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असते.

एवढे बारीक ओले फुगे आतून मिटून का जात नाहीत? ओले कागद चिकटतात तसे ते चिकटायला हवेत. पण वायुकोशांतल्या काही पेशी साबणासारखं एक द्रव्य सोडतात, ते पाण्याचा ताण कमी करतं. हे द्रव्य गर्भात शेवटच्या महिन्यांत पुरेसं तयार होतं. म्हणून दिवस भरण्याच्या फार आधी जन्मलेल्या बाळाला श्वास जड जातो, आणि अशी प्रसूती होणार असं दिसलं की डॉक्टर आईला आधीच इंजेक्शन देऊन बाळाच्या फुप्फुसाची तयारी करतात. उलट न्यूमोनियात वायुकोशांत पाणी-पू भरतो. तिथे ओल जास्त झाली, हवेला जागा उरली नाही. काळ्या रानात पाणी साचून पीक पिवळं पडतं, त्याच जातीचं हे दुखणं.

पडद्यापलीकडचं काम रक्ताचं. एक लिटर रक्तात नुसता विरघळलेला ऑक्सिजन तीन मिलिलिटर मावतो, हिमोग्लोबिनमुळे तो दोनशेच्या घरात जातो. परतीच्या वाटेवर कार्बन डायऑक्साइड बहुतांशी बायकार्बोनेटच्या रूपात येतो. आत घेताना हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, सोडताना १६. कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्क्यांवरून चार टक्क्यांवर जातो. श्वास रोखून धरला की छातीत जी घालमेल होते, ती मुख्यतः या साठलेल्या वायूची असते.

पेवातला कंदील

सोलापूर-धाराशिवकडे ज्वारी पेवात ठेवायची जुनी रीत होती. जमिनीत खोल खड्डा, तळाला आणि कडेला कडबा-भुसा, वरून तोंड मातीने बंद. आतलं धान्यही जिवंत असतं, तेही श्वास घेतं. थोड्या दिवसांत आतला ऑक्सिजन घटतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि किडे गुदमरून मरतात. ज्वारी टिकायची ती यामुळेच. पण पेव उघडल्यावर कुणी लगेच आत उतरायचं नाही, अशी सक्त ताकीद असायची. तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीने कंदील सोडायचा. कंदील विझला तर थांबायचं. आजही जुन्या विहिरीत, सेप्टिक टाकीत, बंद कोठारात उतरणाऱ्यांनी हवा न तपासता पाऊल टाकू नये. आत पडलेल्याला काढायला घाईने उतरलेला दुसराही तिथेच पडतो. कार्बन डायऑक्साइड हवेहून जड, तो तळाशी बसून राहतो. आणि नुसता ऑक्सिजन घटलेला असेल, तर घालमेल व्हायच्या आधीच माणूस कोसळू शकतो.

पेरलेल्या बियाचंही असंच आहे. वाफसा येण्याआधी चिखलात टाकलेलं बी पाण्याने नव्हे, हवेवाचून कुजतं. काळी माती भिजली की फुगते आणि तिच्या पोकळ्या मिटतात, म्हणून हवा आत शिरायला तिला वाट हवी असते. ती वाट पुष्कळशी गांडूळ करून देतं. माती खात, पोखरत ते जी बिळं पाडतं, त्यांतून साचलेलं पाणी खाली मुरतं आणि हवा आत शिरते. स्वतःच्या अंगावरची ओल सांभाळत जगणारा हा जीव जाता जाता रानाचा वाफसा लवकर आणतो. पेरणीच्या सकाळी मुठीतल्या मातीत गांडूळ निघालं, तर त्याला सावलीच्या ओल्या ढेकळाखाली सोडावं. उघड्या उन्हात त्याचा श्वास फार वेळ पुरत नाही.